एकही नाव न गाळता

वाटीवर चमचा वाजला. एकदाच, आणि तोही हलका, पण दुपारच्या शांततेत तो घरभर ऐकू गेला. अवनी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मनुकांचे देठ काढत बसली होती. लेया शाळेत, रूबेन कणकवलीला ऑफिसात, बाहेर वैभववाडीचा बाजार खंडेनवमीच्या झेंडूने भरलेला, आणि घरात फक्त ती आणि सासरे. दिवसातला एवढाच तास तिच्या वाट्याला यायचा. त्यात काय काय करायचं ते ती सकाळपासून ठरवत असे आणि प्रत्यक्षात तो आला की नुसती बसून राहत असे, हातात काहीतरी असल्यासारखं दाखवत. चमचा म्हणजे बाबांची हाक. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ‘हो’ आणि ‘ना’ एवढे दोन शब्द मागे राहिले, तेही अधूनमधून एकमेकांच्या जागेवर जाऊन बसायचे. तिने हात पदराला पुसले आणि ती त्यांच्या खोलीत गेली. बाबा उशीला टेकून बसले होते. मांडीवर वही होती, हिरव्या कापडी बांधणीची, कडा झिजून पांढरी झालेली. डाव्या हाताने त्यांनी ती तिच्याकडे सरकवली. “मी?” अवनी म्हणाली. “हो.” “बाबा, तुमचं हो म्हणजे हो ना? की ना?” चेहऱ्याची डावी बाजू हसली. “हो,” ते म्हणाले, आणि वही आणखी बोटभर पुढे सरकली.

उद्या दरफाळण्याचा सण होता, ज्यूंचा उपासाचा दिवस. दर वर्षी तो दसऱ्याच्या आगेमागे येतो, यंदा नेमका दसऱ्यालाच आला होता. या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, चूल पेटवायची नाही, आणि तिसऱ्या प्रहरी आसपासच्या चार बिऱ्हाडांच्या बैठकीत सगळ्यांसमोर वहीतली नावं वाचायची. गेलेल्यांची नावं. पंचवीस वर्षं ती बाबांनी वाचली. वाचनाचे नियमही त्यांचेच. वाचणाऱ्याने नावापुढे काही जोडायचं नाही, स्वर्गवासी नाही की कैलासवासी नाही. आणि एकही नाव गाळायचं नाही. एक जरी राहिलं तरी त्या वर्षी वाचन झालंच नाही असं धरायचं. गेल्या वर्षी, झटक्यानंतरच्या पहिल्या सणाला, रूबेनने वही घेतली. तो शेवटच्या पानापर्यंत नीट आला, आपल्या आईच्या नावाशी थांबला, ‘रि’ एवढंच म्हणाला, आणि वही मिटून मागच्या अंगणात निघून गेला. खाली तीन नावं राहिली होती. बाबांनी ते वर्षभर मनात ठेवलं, हे अवनीला दिसत होतं. संध्याकाळी खिडकीत बसलेले असताना त्यांचे ओठ हलायचे आणि एका ठिकाणी येऊन अडायचे. त्या सणानंतर बैठकीत ठरलं होतं की यापुढे ज्याचे आईवडील दोन्ही हयात आहेत त्यानेच वाचायचं, म्हणजे वाचताना आवाज अडणार नाही. तेव्हा हा नियम आपल्यापाशी येऊन थांबेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिचे आईवडील तळेऱ्याला होते, दोघंही, काजूच्या बागेत अजून दिवसभर उभे राहत होते. आणि बाबांची तब्येत बघून डॉक्टर जे बोलले होते ते रूबेनने तिला सांगितलं होतं. पुढचा सण त्यांना दिसेल की नाही, सांगता येत नव्हतं.

ती वही घेऊन स्वयंपाकघरात परत आली आणि सराव म्हणून मनातल्या मनात वाचू लागली. बाबांचं अक्षर स्टेशनमास्तरचं, सरळ, एकमेकांना न चिकटणारं. पहिल्या पानावर झिराड, पेण, चेऊल अशा गावांतली फार जुनी माणसं. काही ठिकाणी आधी ‘दाविदची बायको’, ‘मोशेची आई’ असं लिहून ते खोडलेलं आणि वर वेगळ्या शाईने एक नाव. ही नावं बाबांनी कुठून कुठून आणली होती ते तिला ठाऊक होतं. नोकरीत असताना सुटी मिळाली की ते रायगड जिल्ह्यात जायचे, कबरस्तानातल्या दगडांवरचं शेवाळ नारळाच्या किशीने घासायचे, म्हाताऱ्या माणसांशेजारी तासन्‌तास बसायचे, आणि कधी कधी एका बाईचं नाव घेऊन परत यायचे. सासूबाई सांगायच्या, “चार दिवसांची रजा, आणि आणलं काय, तर एक ‘सोनाबाई’.” जिथे नाव मिळालंच नाही तिथे त्यांनी ‘बायको’ हा शब्द तसाच ठेवून पुढे बोटभर जागा कोरी सोडली होती. अवनी पान उलटत होती. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तिची नजर आली आणि हातातली मनुका खाली पडली. लेया रूबेन झिराडकर.

तेच नाव. जूनमध्ये तिने स्वतःच्या हाताने लेबलांवर लिहिलं होतं ते, दप्तरावर, डब्यावर, पहिलीच्या पाच वह्यांवर, आणि प्रत्येक वेळी ‘झ’च्या गाठीशी थोडी थबकत. हे नाव आपल्या मुलीला पणजीवरून मिळालं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. बाबांची आई लेया, वडील रूबेन. मग नातू रूबेन, आणि रूबेनला मुलगी झाली तेव्हा तिचं नाव काय ठेवायचं हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. पण बाबा वाचताना तिथे नेहमी “माझी आई, लेया” एवढंच म्हणत. स्वतःचा नियम ते एका जागी मोडत आणि त्याबद्दल त्यांना कोणी टोकलं नव्हतं. गेल्या वर्षी रूबेननेही तिथे “माझी आजी, लेया” एवढंच म्हटलं होतं. मग बाईच्या नावामागे नवऱ्याचं आणि मुलीच्या नावामागे बापाचं लावलं की दोन्ही नावं अक्षर न अक्षर एक होतात, हे कोणाच्या ध्यानात येणार. तिने त्या ओळीवर तळवा ठेवला. झाकून ठेवावं तसा. काय वेडेपणा, असं तिने स्वतःलाच सांगितलं, आणि तळवा तसाच ठेवला. उद्या हे नाव माझ्या तोंडून जायचं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, मेलेल्यांच्या मधोमध. वर ‘एलियाह’, खाली ‘शिमोन’, आणि मध्ये माझं सहा वर्षांचं, समोरचा दात पडलेलं पोर.

लग्नाचं ठरलं तेव्हा तळेऱ्याच्या घरात वडिलांनी विचारलं होतं, “ज्यू म्हणजे नेमके कोण?” आणि शेजारच्या आजोबांनी माहिती पुरवली होती, “अरे, ते शनवार तेली. अलिबागकडे घाणे होते त्यांचे, शनिवारी बंद ठेवायचे.” वडिलांना त्याने बरं वाटलं, तेली म्हणजे कळण्यासारखं काहीतरी. अवनीला त्या घरात पाऊल टाकताना भीती वाटत होती ती धर्माची. एक धर्म सोडून दुसरा उचलायचा म्हणजे काय काय उचलावं लागेल कोण जाणे. पण सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “मुली, आमच्या बैठकीत देवाची सक्ती नाही. मला तो भेटला नाही. भेटला असेल त्याने खुशाल मानावा.” तिला हसू आलं होतं. कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा ते इथे बदलून आले. आसपास त्यांच्या समाजाची मोजून चार बिऱ्हाडं. प्रार्थनेला रीतीप्रमाणे दहा पुरुष लागतात, इथे लहानमोठे धरून पाच. मुंबईकडचे कोणी म्हणाले, मग तुमची प्रार्थना होणार नाही. “नाही होत तर नाही,” बाबा म्हणाले, “गाणी होतील ना? जेवण होईल?” अशी ती बैठक सुरू झाली, महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी, या घराच्या पुढच्या खोलीत. खोबरेलाचा काचेचा दिवा लावायचा, मनुकांचं सरबत सगळ्यांनी एका घोटाने घ्यायचं, सब्जाची डहाळी हातोहात फिरवून वास घ्यायचा. मग कोणी काही वाचून दाखवणार, कोणी इस्राएलला गेलेल्या भावाचं पत्र, कोणी इतिहासावरचा लेख, आणि त्यावर भांडण. खिरीच्या सणाला मुलांचं नाटक, बिरड्याच्या सणाला जमिनीवर बसून वालाचं बिरडं. कणकवलीची दीपिका मुलांना नाच बसवून द्यायची आणि हिब्रू मुळाक्षरं शिकवायची, स्वतः आदल्या रात्री शिकून. जुन्या मराठी कीर्तनांत पदोपदी देव येतो, त्याचं काय करायचं यावर एकदा दोन शुक्रवार वाद झाला. शेवटी बाबा म्हणाले, “राहू दे त्याला. गाणं आपल्या आज्यांचं आहे. पाहुणा म्हणून बसेल कोपऱ्यात.”

त्या खोलीत पहिल्यांदा नावं ऐकली तेव्हा अवनी नवी नवरी होती. दारं लावलेली, पांढरे कपडे, आणि बाबांचा तो फलाटावर गाडीची वर्दी द्यावी तसा सपाट आवाज. नाव, मग थोडी शांतता, मग पुढचं नाव. ती मागे भिंतीशी बसली होती आणि तिला एकाएकी इतकं रडू फुटलं की सासूबाईंनी तिला आपल्या कुशीत ओढून घेतलं. त्यांना वाटलं पोरीला माहेर आठवलं. खरंच आठवलं होतं, पण त्यांना वाटलं तसं नाही. तिच्या माहेरी एक नाव तेव्हा सहा वर्षं कोणी उच्चारलं नव्हतं. सत्यवान, तिच्या पाठचा भाऊ, सतरा वर्षांचा असताना पोहायला म्हणून गेला आणि तिसऱ्या दिवशी वाघोटनच्या खाडीत मिळाला. बारावं झालं, आणि त्यानंतर आईने ते नाव घरातून काढून टाकलं. रागाने नाही, आदळआपट करून नाही. रोजचा केर काढावा तसं. त्याची सायकल विकली. वह्या न्हाणीच्या चुलीत गेल्या. बोलायची वेळच आली तर ‘तेव्हा’ म्हणायचं, ‘तेव्हा पाऊस खूप होता’. वटपौर्णिमेला आई वडाकडे जायची बंद झाली, कारण तिथे बायका कथा ऐकतात आणि कथेत ते नाव येतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. गावात लोक म्हणू लागले, काशीबाई नवऱ्याच्या आयुष्याची फिकीर करीत नाही. आईने तेही ऐकून घेतलं. म्हाळाच्या दिवशी भटजी पुटपुटताना ते नाव एकदा घेत असतील, पण त्या वेळी आई मागीलदारी भांडी घासायची, मुद्दाम, राख आणि काथ्या घेऊन, करकर आवाज करीत. अवनी लग्नापर्यंत तिथेच राहिली, त्या करकरीत. तिला भावाचं हसणं आठवतं, त्याच्या कोपरावरचा व्रण आठवतो, पण तिने स्वतः ते नाव मोठ्याने घेतलं होतं त्याला आता तेरा वर्षं झाली होती. ते घेतलं तर आवाज कसा निघेल, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

चारच्या गाडीने नांदगावहून शेवंतीआत्या आल्या. बाबांची चुलत बहीण, त्यांना ‘शलोमा’ म्हणणारी, बैठकीतली सगळ्यांत वयस्कर. उभा जन्म मालवणी मुलखात गेल्यामुळे बोलणं पक्कं इथलं झालेलं. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी अवनीचा चेहरा वाचला. “काय गो, त्वांड असा कित्याक केलंस?” अवनीने वही उघडून ओळ दाखवली. आत्यांनी चष्मा कपाळावर सारून वही नाकाशी धरली. “लेयाकाकी,” त्या म्हणाल्या. “हातात साय आल्यासारख्या भाकऱ्या करी.” मग वही मिटून त्यांनी तोडगा काढला. “शलोमाची आवस म्हण, आणि फुडे जा. सगळ्यांका म्हायत आसा कोण ती. तुझाय काम झाला, नावय चुकला नाय.” “चालेल?” अवनीने विचारलं. “मी सांगतंय म्हणजे चलतला. शलोमान देवाक सोडल्यान, पण वहयेक सोडूक नाय, ह्या माकाय ठावक आसा. पण तू आवस आसस. आवशीक कोण काय बोलात?” अवनीला हायसं वाटलं आणि लगेच ते हायसं वाटणं तिला बोचलं. शलोमाची आई. म्हणजे त्या खोडलेल्या ओळींत पुन्हा एक. ज्या माणसाने चार दिवसांच्या रजेत एक सोनाबाई आणली, त्याच्या समोर बसून त्याच्याच आईचं नाव परत खोडायचं, तेही त्याला बोलता येत नसताना.

रूबेन साडेपाचला आला. चहा घेत त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगं, नाव आहे ते. वर्गात चार आर्या असतात.” “त्या चारही जिवंत असतात.” “तू आमच्यापेक्षा जास्त आमच्यातली झालीस, आणि आता अचानक तळेऱ्याची?” तो हसत होता, पण तिने वर पाहिलं तेव्हा त्याचं हसू राहिलं नाही. “तू वाच मग,” ती म्हणाली. त्याने कप खाली ठेवला. मागच्या वर्षीचं अंगण दोघांच्या मध्ये आलं. मग तोच म्हणाला, “एक करूया. लेयाला मी आत्ता तळेऱ्याला सोडून येतो. उद्या दसरा, आजीकडे मजेत राहील. ती समोर नसेल तर वाचशील?” अवनी विचार करत होती तोवर लेया दप्तर फेकून तिच्या मांडीत येऊन बसलीसुद्धा, केसांना शाळेचा खडू आणि घामाचा वास. त्या वासात नाक खुपसून अवनीने हो म्हटलं. दिवेलागणीच्या आत रूबेन तिला सोडून परत आला. स्कूटर गेटातून बाहेर पडताना लेयाने मागे वळून हात हलवला नाही, यावर अवनीचं मन तासभर घुटमळत राहिलं. मग आत्यांनी दिवा लावला आणि रूबेनने पुढच्या दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमले, मागच्या दाराने, कारण पुढचं उघडायचं नाही. देवगडचे निवृत्त कारकून, दीपिका आणि तिचा नवरा, आत्या, रूबेन. बाबांना रूबेनने उचलून खुर्चीत बसवलं, पांढरा सदरा, गळ्याचं बटण लावलेला. बंद खिडक्यांमधून बाहेरचा दसरा आत झिरपत होता. कुठेतरी नव्या गाडीची पूजा, हॉर्न, पोरांचं ‘सोनं घ्या’. अवनी वही घेऊन बसली. पोटात कालपासून अन्न नव्हतं. सक्ती कोणाची नव्हती, पण तिला जेवावंसं वाटलं नव्हतं. तिने सुरुवात केली आणि स्वतःच्या आवाजाचं तिला नवल वाटलं. तो सपाट होता. बाबांसारखा. नाव, मग शांतता. दाविद. सोनाबाई. मोशे. जिथे जागा कोरी होती तिथे ती बाबांसारखीच ‘मोशेची बायको’ म्हणून इतर नावांपेक्षा दुप्पट थांबली, आणि बाबांचे डोळे मिटलेले तिने पाहिले. हळूहळू तिला वाटू लागलं की ही माणसं आपली नसली तरी आपण त्यांना ओळखतो. कोणाला गूळ आवडत होता, कोण तापट होतं, कोणी विहीर खणली. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता सांगितलेलं सगळं. दुसरं पान संपलं. तिसरं लागलं. आणि पुढच्या दारावर थाप पडली.

कोणी हललं नाही. या दिवशी दार उघडत नाहीत. पुन्हा थाप, आणि मग बाहेरून आवाज, “अवने, दार कित्याक लावन घेतलास गो, सणाच्या दिवशी?” तिची आई, काशीबाई. आणि त्या आवाजाखाली एक बारीक मुसमुसणं, जे अवनीने शंभर आवाजांतून ओळखलं असतं. ती अर्धवट उठली आणि थांबली. सगळे बाबांकडे बघत होते. “हो,” बाबा म्हणाले, आणि कोणाला शंका राहू नये म्हणून डाव्या हाताने दाराकडे बोट केलं. रूबेनने कडी काढली. उन्हाचा एक मोठा तुकडा आत पडला, त्यात काशीबाई, घामाघूम, हातात आपट्याच्या पानांची जुडी, कडेला बिलगलेली लेया. “ह्या चेडू कालपासून धड जेवक नाय,” काशीबाई दारातूनच सांगू लागली. “आयेकडे जातंय, आयेकडे जातंय. माजा डोक्या उठवल्यान. म्हटलंय, सोनाय दितंय आणि हिकाय पोचयतंय.” मग तिचं लक्ष पांढऱ्या कपड्यांकडे गेलं, आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. “काय चललला हा?” “बसा, विहीणबाय,” आत्या म्हणाल्या. “नावा वाचतत. गेलेल्यांची.” काशीबाई पाठमोरी व्हायला लागली, पण रूबेनने दार लावून घेतलं होतं. ती दाराजवळच्या सतरंजीच्या टोकावर टेकली, पानांची जुडी मांडीवर ठेवून. लेया आईच्या गुडघ्याला टेकून बसली, डोळे पुसत. तिच्या अंगाची ऊब अवनीच्या मांडीपर्यंत आली.

अवनीने वही वर उचलली. अक्षरं पांढऱ्यावर तरंगत होती. एलियाह दाविद झिराडकर, तिने वाचलं. शांतता. आता पुढची ओळ. शलोमाची आई, हे दोन शब्द तिच्या जिभेवर तयार होते, आत्यांनी दिलेले, सोपे, गोड. आत्या तिच्याकडे बघून मान किंचित हलवत होत्या, म्हण, म्हण. शांतता लांबत चालली, कोऱ्या जागेपेक्षाही लांब. दीपिकाने वर पाहिलं. बाबांनी डोळे उघडले. त्यांच्या नजरेत आज्ञा नव्हती, विनवणीही नव्हती. त्यांना कळलं होतं की हिला काय होतंय, आणि हिने ते दोन शब्द म्हटले तर ते हिला दोष देणार नाहीत, एवढंच त्या नजरेत होतं. त्याने ते जास्तच कठीण झालं. अवनीची नजर त्यांच्या पलीकडे दारापाशी गेली. आई जुडीतलं एकेक पान सोडवून मांडीवर सरळ करत होती, अंगठ्याने, पुन्हा पुन्हा, त्याच त्या जागी. तेरा वर्षं. एक नाव गाळलं की घरात काय होतं ते अवनीला या खोलीतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. ते नाव नुसतं जात नाही. ते जाताना वडाचं झाड घेऊन जातं, सायकल घेऊन जातं, पोहण्याबद्दल, सतराबद्दल, खाडीबद्दल बोलायची सोय घेऊन जातं, आणि मग आई मुलीशी फक्त पावसाबद्दल बोलू शकते. आपल्या भीतीपायी त्या पणजीला आपण कुठे पाठवत होतो? मागीलदारी, भांड्यांच्या करकरीत. तिने लेयाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या केसांचा आधार घेत, सपाट, एकेक शब्द सुटा, म्हणाली, “लेया रूबेन झिराडकर.”

“हजर,” लेया म्हणाली.

शाळेत म्हणते तशी, पाठ ताठ करून, नाकातलं पाणी वर ओढून. कोणी हसलं नाही. देवगडच्या कारकुनांनी चष्मा काढून हातात धरला. दीपिकाने पदर तोंडाशी नेला. अवनीच्या हाताखालचं ते लहानसं डोकं कौतुकाची वाट बघत होतं, कारण पहिल्याच हाकेला ओ दिली होती. अवनीला वाटलं आता आपल्या छातीतून काहीतरी मोठं, घाणेरडं, आवाज करीत बाहेर येणार. ते आलं नाही. तिने बाबांकडे पाहिलं. आपल्या आईच्या नावाला कोणीतरी ओ दिलेली ऐकून त्यांच्या चेहऱ्याची जिवंत बाजू थरथरत होती आणि दुसरी तशीच स्वस्थ होती, आणि पाणी मात्र दोन्ही डोळ्यांतून सारखंच येत होतं. डावा हात खुर्चीवरून उचलून त्यांनी पुढे केला. पुढे. अवनीने पुढचं नाव वाचलं. त्याला कोणी हजर म्हटलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. लेया मान वळवून एकेकाकडे बघत राहिली, कोणाचा नंबर आहे आणि कोण विसरतंय ते. चौथं पान. पाचवं. रिवका शलोम झिराडकर. रूबेन भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. खालची तीन नावंही झाली. वाचन झालं. दोन वर्षांनी एकदाचं पूर्ण झालं, आणि बाबांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

यानंतर बैठकीची एक रीत आहे. वही मिटायच्या आधी वाचणारा थोडा वेळ थांबतो. ज्याचं नाव वहीत नाही, पण कोणाच्या मनात आहे, ते त्याने घ्यावं. नात्याचं असो, शेजारचं असो, कोणत्याही जातीधर्माचं. अवनी थांबली. दीपिकाच्या नवऱ्याने एका मित्राचं नाव घेतलं. मग पुन्हा शांत. अवनी आईकडे बघत होती आणि आईला कळत होतं की ती बघते आहे. पानं सरळ करणारा अंगठा थांबला होता. काशीबाईचे ओठ किंचित विलग झाले, आत जीभ वर टाळ्याकडे जाताना दिसली. बाहेर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. ती संपेपर्यंत आईचे ओठ मिटले होते. “माका जरा पाणी दी गो,” ती म्हणाली. अवनीचं स्वतःचं तोंडही तेवढंच उघडून मिटलं होतं, हे तिला नंतर जाणवलं. लेयासाठी ती वाचू शकली, आणि सत्यवानासाठी नाही. तिने वही मिटली.

आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर आत्यांनी दारं उघडायला सांगितलं. खोलीत झेंडूचा वास शिरला. मनुकांचं सरबत पेल्यांत ओतलं गेलं. आवाज परत आले. आत्या दीपिकाला विचारत होत्या, “तुझो न्हवरो आज येवढो गप कसो? नायतर रेडिओच आसा,” आणि तो खरोखरच लाजला. काशीबाईने बाबांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, “सोना घ्या, व्याही,” आणि बाबा म्हणाले “ना”, त्यांना हो म्हणायचं होतं, सगळ्यांना ते कळलं. अवनी दाराच्या उंबऱ्यात बसली. अंगातून ताप उतरल्यासारखं वाटत होतं, पाय हलके, आणि त्या हलकेपणाखाली काहीतरी न झालेलं, ठणकणारं. आई पेला घेऊन तिच्या शेजारी येऊन टेकली. दोघी पावसाबद्दलसुद्धा बोलल्या नाहीत. लेया आली आणि दोघींच्या मध्ये जागा करून बसली, ओठांवर सरबताची मिशी.

“आई, बाकीचे कोणीच हजर नव्हते.”

“नव्हते,” अवनी म्हणाली.

“इतकी नावं घेतलीस तू.” लेयाने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. “आमच्या बाई गैरहजर मुलांना रागवत नाहीत. म्हणतात, घरी काहीतरी काम निघालं असेल.”

काशीबाईचा पेला ओठांपाशी येऊन थांबला होता. तिने नातीकडे पाहिलं नाही. ती अवनीकडे बघत होती, सरळ, गेल्या तेरा वर्षांत पाहिलं नव्हतं तशी, जणू उत्तर तिलाही हवं होतं.

“मग ते उद्या येतील?” लेयाने विचारलं.